दखनी भाषेचे उच्चारण

दखनी (दक्खिनी, दकनी) ही दख्खनच्या पठारावर बोलली जाणारी इंडो-आर्यन गटातील भाषा आहे. आज ती सामान्यतः उर्दूची दाक्षिणात्य बोली म्हणून ओळखली जाते. मात्र तिची साहित्यपरंपरा दिल्ली व लखनौच्या उर्दू काव्यपरंपरेपेक्षा जुनी आहे. महाराष्ट्रात मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), खुलताबाद, पैठण, जालना, बीड, परभणी, नांदेड इत्यादी ठिकाणी, तेलंगणात हैदराबाद येथे आणि कर्नाटकात बिदर, कलबुर्गी, विजापूर या भागांत दखनीची स्थानिक रूपे बोलली जातात. प्रस्तुत लेखात दखनीतील स्वर, व्यंजने आणि त्यांच्यात घडणारे बदल यांचे वर्णन केले असून मराठवाड्यातील दखनी व मराठी यांच्यातील साम्य-भेदांवर विशेष भर दिला आहे.

दखनी उच्चार प्रमाण उर्दूच्या तुलनेत पुष्कळदा ‘अशुद्ध’ किंवा ‘बिघडलेले’ मानले जातात. भाषाशास्त्रीय दृष्टीने पाहता हे फरक स्वैर नाहीत. थोड्याच नियमांनी त्यांतील बहुतेकांचा उलगडा होतो आणि त्यांपैकी अनेक नियमांना मराठीत जवळचे समांतर रूप आढळते.

## लेखनपद्धती

दखनी परंपरेने फारसी-अरबी लिपीत लिहिली जाते. या लेखात उदाहरणे देवनागरीत दिली आहेत. मराठी वर्णमालेत नसलेल्या ध्वनींसाठी अक्षराखाली नुक्ता वापरला आहे.

* क़ – पडजिभेजवळ उच्चारला जाणारा स्पर्श ध्वनी. नेहमीच्या ‘क’पेक्षा याचे स्थान घशाकडे मागे असते.
* ख़ – घशातून घासून येणारा अघोष ध्वनी. यात ‘ख’प्रमाणे हवा पूर्ण अडत नाही.
* ग़ – ‘ख़’चे सघोष रूप.
* ज़ – सघोष दंत्य घर्षक, म्हणजे ‘स’चे सघोष रूप.
* फ़ – खालचा ओठ व वरचे दात यांच्यामधून घासून येणारा ध्वनी.
* ड़, ढ़ – जिभेचे टोक वळवून टाळूवर झटकल्याने निर्माण होणारे ध्वनी.

बाणाच्या डावीकडे प्रमाण उर्दूतील व उजवीकडे दखनीतील रूप दिले आहे.

## पार्श्वभूमी

इ.स. १३२७मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला (देवगिरी) हलवली. तिच्याबरोबर उत्तरेतील अधिकारी, सैनिक, कारागीर आणि सुफी मंडळी दख्खनमध्ये आली. इ.स. १३४७मध्ये दौलताबाद येथेच बहमनी सत्तेची स्थापना झाली व नंतर तिची राजधानी गुलबर्ग्यास (कलबुर्गी) गेली. दिल्लीच्या परिसरातील बोली अशा प्रकारे मराठी, कन्नड व तेलुगू या भाषांच्या शेजारी आल्या आणि उत्तरेपासून बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे वाढल्या.

फख्र-ए-दीन निजामी यांचे पंधराव्या शतकातील ‘कदम राव पदम राव’ हे काव्य दखनीतील सर्वांत जुन्या उपलब्ध साहित्यकृतींपैकी एक आहे. गोवळकोंड्याच्या दरबारातील मुल्ला वजही यांचा ‘सबरस’ (इ.स. १६३५) हा गद्यग्रंथ प्रसिद्ध आहे. पैठणचे संत एकनाथ (सोळावे शतक) यांच्या ‘हिंदू-तुर्क संवाद’ या रचनेत तुर्काच्या तोंडी दखनी वळणाची भाषा येते. त्या काळी गोदावरीच्या काठी ही भाषा मराठी श्रोत्यांना परिचित होती, असे त्यावरून दिसते.

मलिक अंबरने इ.स. १६१०मध्ये वसवलेल्या खडकी या नगराचे नाव इ.स. १६५३मध्ये औरंगाबाद झाले. औरंगजेबाच्या दख्खनमधील मोहिमांच्या काळात उत्तरेतील लोकांचा मोठा समूह पुन्हा येथे आला. त्यामुळे या शहराची भाषा गोवळकोंडा व विजापूरच्या जुन्या दखनीपेक्षा दिल्लीच्या भाषेला अधिक जवळची झाली, असे उर्दू साहित्याचे अभ्यासक मानतात. वली (वली दखनी किंवा वली औरंगाबादी) आणि सिराज औरंगाबादी हे या टप्प्याचे प्रमुख कवी होत.

## व्यंजने

शहरी दखनीतील व्यंजनांची मांडणी पुढीलप्रमाणे करता येते.

| प्रकार | ध्वनी |
|---|---|
| कंठ्य स्पर्श | क, ख, ग, घ |
| तालव्य | च, छ, ज, झ |
| मूर्धन्य स्पर्श | ट, ठ, ड, ढ |
| दंत्य स्पर्श | त, थ, द, ध |
| ओष्ठ्य स्पर्श | प, फ, ब, भ |
| नासिक्य | न, म |
| घर्षक | फ़, स, ज़, श, ख़, ग़, ह |
| द्रव व झटकार | र, ल, ड़ |
| अर्धस्वर | य, व |

मराठीच्या तुलनेत या तक्त्यात तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, दखनीत ‘ळ’ हा स्वतंत्र ध्वनी नाही, आणि ‘ण’ हा प्रायः मूर्धन्य व्यंजनापूर्वीच (ठंड, अंडा) ऐकू येतो. दुसरी, मराठीतील ‘चमचा’, ‘चार’ यांतील भिन्न ‘च’ दखनीत नाहीत. तेथे ‘च’ केवळ तालव्य असतो. तिसरी, मराठीने फारसी-अरबीतून शब्द घेताना सोडून दिलेले ‘ख़’ व ‘ग़’ हे घर्षक दखनीने टिकवले आहेत. नुक्त्याने होणारा भेद अर्थभेदक आहे, हे पुढील जोड्यांवरून दिसते: ‘खाना’ (जेवण) व ‘ख़ाना’ (कप्पा), ‘बाग’ (लगाम) व ‘बाग़’ (उद्यान), ‘राज’ (राज्य) व ‘राज़’ (गुपित), ‘फन’ (नागाचा फणा) व ‘फ़न’ (कला). ग्रामीण भागात मात्र यांतील काही भेद पुसट होतात.

### ‘क़’ऐवजी ‘ख़’

दखनीचे सर्वांत ओळखीचे लक्षण म्हणजे प्रमाण उर्दूतील ‘क़’च्या जागी होणारा ‘ख़’चा उच्चार.

* क़लम → ख़लम
* क़रीब → ख़रीब
* क़ाज़ी → ख़ाज़ी
* तक़दीर → तख़दीर
* क़ुरबान → ख़ुरबान

अरबीतून आलेला ‘क़’ हा ध्वनी भारतीय भाषांना मुळात परका आहे. मराठी व हिंदीने त्याचे स्थान पुढे आणून ‘क’ केला (कलम, काझी, तकदीर). दखनीने स्थान मागेच ठेवले, पण हवा अडवण्याऐवजी घासून सोडली. एकच परका ध्वनी सामावून घेण्याचे हे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही तितकेच नियमित आहेत.

या बदलामुळे काही शब्द उच्चाराने एकरूप झाले आहेत. ‘क़सम’ (शपथ) हा शब्द दखनीत ‘ख़सम’ होतो व ‘ख़सम’ (नवरा) या शब्दाशी जुळतो. ‘क़ब्र’ या शब्दावर हा नियम आणि जोडाक्षर फोडण्याचा नियम (खाली पाहा) असे दोन्ही लागू होऊन ‘ख़बर’ हे रूप मिळते; तेच ‘बातमी’ या अर्थाच्या शब्दाचेही रूप आहे. दखनीवरील अनेक विनोद याच साम्यावर बेतलेले असतात. प्रत्यक्ष संभाषणात संदर्भामुळे गोंधळ क्वचितच होतो. मराठीतही ‘वर’ (नवरा मुलगा, देवाने दिलेला वर, वरची दिशा) यासारखे समोच्चारी शब्द अडचणीविना वापरले जातात.

### ‘ह’चा लोप

दोन स्वरांच्या मधला आणि शब्दाच्या अखेरचा ‘ह’ दखनीत सहसा टिकत नाही.

* नहीं → नईं
* यहाँ, वहाँ, कहाँ → यां, वां, कां
* पहले → पैले
* कहना → कैना
* जगह → जगा
* सुबह → सुबा
* तरह → तरा

काही शब्दांत ‘ह’ पूर्णपणे नाहीसा न होता मागे सरकून पहिल्या व्यंजनाला मिळतो व ते व्यंजन महाप्राण बनते: बहुत → भोत; बहन → भैन. याउलट ‘और’ या शब्दाला आरंभी ‘ह’ जोडला जाऊन ‘हौर’ हे रूप होते. ते जुन्या दखनी साहित्यातही सर्वत्र आढळते.

‘ह’च्या लोपामुळे क्रियापदांची जोडरूपे आखडतात. ‘करता हूँ’ याचे ‘करतूँ’, ‘जा रहा हूँ’ याचे ‘जारऊँ’, ‘हो रहा’ याचे ‘होरा’ होते. बोली मराठीत ‘करतो आहे’चे ‘करतोय’ आणि ‘जाते आहे’चे ‘जातेय’ होते, त्याच जातीची ही प्रक्रिया आहे.

### महाप्राणाचा लोप

शब्दाच्या आरंभी महाप्राण व्यंजने स्पष्ट उच्चारली जातात: खाना, घर, भाई, धोना. शब्दाच्या मध्ये व शेवटी मात्र महाप्राणाची जागा अल्पप्राण घेतो.

* हाथ → हात
* साथ → सात
* भूख → भूक
* कुछ → कुच
* मुझे, तुझे → मुजे, तुजे
* समझ → समज
* दूध → दूद
* पढ़ना → पड़ना

यांतील ‘हात’, ‘भूक’, ‘समज’ ही रूपे मराठी वाचकास परकी वाटत नाहीत, कारण मराठीतही या शब्दांचा महाप्राण गेला आहे. फरक व्याप्तीचा आहे. मराठीने ‘दूध’, ‘जीभ’, ‘तुझे’ यांत महाप्राण राखला; दखनीत ‘दूद’, ‘जीब’, ‘तुजे’ असे उच्चार होतात.

### मूर्धन्यांचे दंत्यीकरण

एकाच शब्दात दोन मूर्धन्य व्यंजने आली, तर दखनीत त्यांतील पहिले दंत्य होते.

* ठंडा → थंडा
* टूटना → तुटना
* ढूँढना → धुंडना
* डाँटना → दाँटना

एकच मूर्धन्य असलेल्या शब्दांत (टोपी, डर, ठीक) हा बदल होत नाही. मराठीतील ‘थंड’, ‘तुटणे’, ‘धुंडाळणे’ या रूपांतही पहिले व्यंजन दंत्य आहे. जिभेला एकाच शब्दात दोनदा मागे वळावे लागू नये, अशी सोय यात होते. जवळजवळचे समान ध्वनी परस्परांपासून वेगळे होण्याच्या या प्रवृत्तीस भाषाशास्त्रात *विषमीकरण* म्हणतात.

## स्वर

दखनीत अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे दहा स्वर असून त्यांची अनुनासिक रूपेही वापरात आहेत. स्वरांची संख्या प्रमाण उर्दूइतकीच आहे. फरक त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घ वापरात आहे.

### दीर्घ स्वराचे ऱ्हस्वीकरण

पुढे दीर्घ अक्षर आले की शब्दातील पहिला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो.

* आदमी → अदमी
* आसमान → असमान
* बादाम → बदाम
* बाज़ार → बज़ार
* दीवाना → दिवाना

मराठीतील ‘बदाम’, ‘अस्मान’, ‘बिमार’ (फारसी ‘बीमार’) या रूपांत हाच कल दिसतो. शिवाय मराठीत प्रत्यय लागल्यावर ‘पीठ’चे ‘पिठात’ आणि ‘फूल’चे ‘फुलाला’ होते, तेव्हाही भार पुढील अक्षराकडे गेल्याने आधीचा स्वर ऱ्हस्व होतो.

### द्वित्त

ऱ्हस्वीकरणाशी निगडित असा दुसरा नियम व्यंजनाच्या द्वित्ताचा आहे. पहिल्या अक्षरातील दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो आणि त्याच्या पुढचे व्यंजन दुहेरी उच्चारले जाते.

* मीठा → मिट्टा
* फीका → फिक्का
* सूखा → सुक्का
* गीला → गिल्ला
* हाथी → हत्ती
* सोना (धातू) → सुन्ना

येथे शब्दाची लांबी कमी होत नाही. वृत्तशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ‘मी’ हे अक्षर दीर्घ स्वरामुळे गुरू आहे आणि ‘मिट्’ हे पुढील जोडाक्षरामुळे गुरू आहे. म्हणजे अक्षराचा भार तोच राहतो. तो स्वराकडून व्यंजनाकडे जातो. ‘मिट्टा’, ‘सुक्का’, ‘हत्ती’ या शब्दांत द्वित्ताबरोबर महाप्राणाच्या लोपाचा नियमही लागू झाला आहे.

हा कल उसन्या शब्दांतही आढळतो. मराठीतील ‘नको’ हा शब्द दखनीने घेतला, तो ‘नक्को’ असा. दखनी भाषकाच्या तोंडी सर्वाधिक ऐकू येणाऱ्या शब्दांपैकी हा एक आहे. मूळ मराठी रूपात ‘क’ एकेरी असल्याने येथील द्वित्त दखनीने स्वतः घडवले आहे.

### जोडाक्षरांची फोड

शब्दाच्या अखेरीस दोन व्यंजने एकत्र आली, तर त्यांच्यामध्ये ऱ्हस्व ‘अ’ येतो.

* वक़्त → वख़त
* उम्र → उमर
* फ़िक्र → फ़िकर
* सब्र → सबर
* इल्म → इलम
* गर्म → गरम

मराठीनेही अशी जोडाक्षरे सहसा फोडली आहेत. ग्रामीण मराठीतील ‘वखत’, तसेच ‘गरम’, ‘फिकीर’, ‘सबुरी’ ही त्याची उदाहरणे होत. मध्ये येणारा स्वर मराठीत कधी ‘अ’, कधी ‘इ’, तर कधी ‘उ’ असतो. दखनीत तो बहुधा ‘अ’ असतो.

### अनुनासिक स्वर

दखनीत नामाचे अनेकवचन पुष्कळदा ‘-आँ’ लावून होते: बात – बाताँ, लोग – लोगाँ, औरत – औरताँ, किताब – किताबाँ. प्रमाण उर्दूतील ‘बातें’, ‘औरतें’, ‘किताबें’ यांच्या तुलनेत हा प्रत्यय पुल्लिंगी व स्त्रीलिंगी अशा दोन्ही नामांना लागतो. त्यामुळे दखनी वाक्यात शब्दांच्या अखेरीस अनुनासिक ‘आँ’ वारंवार ऐकू येतो व भाषेला तिचा ओळखीचा नाद मिळतो.

## मराठीशी तुलना

वरील नियमांचा एकत्रित परिणाम पुढील तक्त्यात दिसतो.

| प्रमाण उर्दू | दखनी | मराठी |
|---|---|---|
| हाथ | हात | हात |
| हाथी | हत्ती | हत्ती |
| भूख | भूक | भूक |
| समझ | समज | समज |
| ठंडा | थंडा | थंड |
| टूटना | तुटना | तुटणे |
| फीका | फिक्का | फिका |
| बादाम | बदाम | बदाम |
| वक़्त | वख़त | वखत |
| जगह | जगा | जागा |

दखनीने मराठीतून केवळ शब्दच नव्हे, तर निश्चयवाचक ‘च’ हे अव्ययही घेतले आहे: ‘ऐसाइच’, ‘वोइच’, ‘अबीच’. मराठीत ‘मीच’, ‘तूच’ यांतील ‘च’ दंततालव्य आहे. दखनीत तसा ध्वनी नसल्याने तो तालव्य ‘च’ बनला आणि त्याच्या आधी ‘इ’ आला. अव्यय मराठीचे, पण उच्चार दखनीच्या नियमांप्रमाणे, असे हे मिश्रण आहे. मराठवाड्यातील द्विभाषिक भाषक मराठी बोलताना मराठी ‘च’, ‘ळ’ व ‘ण’ वापरतात आणि दखनी बोलताना दखनीची ध्वनिव्यवस्था पाळतात.

### साम्याची कारणे

दखनी व मराठी यांच्यातील प्रत्येक साम्य परस्परसंपर्कातून आले असे म्हणता येत नाही. ‘नक्को’ आणि ‘-इच’ यांच्या बाबतीत मराठीचे ऋण स्पष्ट आहे. ‘हत्ती’सारख्या शब्दांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. संस्कृत ‘हस्ती’पासून प्राकृतात ‘हत्थी’ झाले. मराठीने त्यातील द्वित्त राखले, तर खडी बोलीने द्वित्त सोडून स्वर दीर्घ केला (हाथी). दखनीतील ‘हत्ती’ मराठीतून आला, की उत्तरेतून आलेल्या एखाद्या द्वित्त राखणाऱ्या बोलीतून, हे केवळ रूपावरून ठरत नाही.

पंजाबीत ‘मिट्ठा’, ‘फिक्का’, ‘सुक्का’, ‘गिल्ला’ अशी द्वित्तयुक्त रूपे आहेत. हाफिज महमूद शिरानी यांनी ‘पंजाब में उर्दू’ (इ.स. १९२८) या ग्रंथात उर्दूचा उगम पंजाबशी जोडला आणि त्यासाठी दखनीतील पंजाबीसदृश रूपांचा आधार घेतला. मसूद हुसैन खान यांनी नंतर दिल्लीच्या आसपासच्या बोलींकडे, विशेषतः हरियाणवीकडे, लक्ष वेधले. या मतांनुसार दखनीतील द्वित्त उत्तरेतूनच आले. दख्खनमध्ये शेजारच्या भाषांतही तशीच रूपे असल्यामुळे ते येथे अधिक दृढ झाले, असा मेळ घालता येतो. महाप्राणाच्या लोपाबाबतही मराठीबरोबरच, जिच्या मूळ शब्दांत महाप्राण नाहीत अशा तेलुगूच्या प्रभावाचा विचार केला जातो.

## जुन्या उच्चारांचा पुरावा

शतकांपूर्वीचा उच्चार आज प्रत्यक्ष ऐकता येत नाही. परंतु पद्यरचनेतून तो बऱ्याच अंशी कळतो. दखनी काव्य मात्रांच्या निश्चित वजनावर रचलेले असते. ‘फ़िक्र’ या शब्दाचे वजन गुरू-लघू (फ़िक्-र) असे होते, तर ‘फ़िकर’चे लघू-गुरू (फ़ि-कर). ओळीच्या वजनात दुसरेच रूप बसत असेल, तर लेखनात स्वर दाखवलेला नसला तरी कवीचा उच्चार ‘फ़िकर’ होता हे सिद्ध होते. यमकही असाच पुरावा देते. ‘सहीह’ हा शब्द अखेरचा ‘ह’ नसलेल्या शब्दाशी यमकात आला, तर तो ‘सही’ असा उच्चारला जात होता हे उघड होते.

फारसी-अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत आणि अरबी शब्दांचे मूळ वर्ण उच्चार बदलला तरी लेखनात कायम राहतात. म्हणून आजही ‘क़लम’ व ‘वक़्त’ लिहिताना ‘क़’साठीचे अक्षरच वापरले जाते, वाचणारा मात्र ‘ख़लम’ व ‘वख़त’ असे वाचतो. मराठीत ‘ऋषी’ लिहून ‘रुषी’ वाचले जाते किंवा ‘ष’ व ‘श’ यांचा उच्चार बहुधा एकच होतो, त्याच प्रकारचे हे अंतर आहे.

## प्रमाणीकरण आणि ‘अशुद्धते’ची कल्पना

वली इ.स. १७००मध्ये दिल्लीला गेले व इ.स. १७२०च्या सुमारास त्यांचा काव्यसंग्रह तेथे पोहोचला. तोवर प्रामुख्याने फारसीत लिहिणाऱ्या दिल्लीच्या कवींना लोकभाषेतील गझलेचा नमुना त्यातून मिळाला, असे उर्दू साहित्याच्या इतिहासात सांगितले जाते. वलींच्या प्रभावाखाली लिहू लागलेल्या कवींमध्ये दिल्लीचे शाह हातिम हेही होते.

पुढे त्याच हातिम यांनी आपल्या काव्यातून निवड करून ‘दीवानजादा’ हा संग्रह अठराव्या शतकाच्या मध्यास सिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी काही शब्दरूपे त्याज्य ठरवली. ‘तस्बीह’ऐवजी ‘तस्बी’, ‘सहीह’ऐवजी ‘सही’, ‘दीवाना’ऐवजी ऱ्हस्व ‘दिवाना’, तसेच अरबी शब्दांतील स्वरांची हलवाहलव यांचा त्यात समावेश होता. पहिल्या दोन उदाहरणांत अखेरच्या ‘ह’चा लोप आहे, तर तिसऱ्यात पहिल्या दीर्घ स्वराचे ऱ्हस्वीकरण. दखनीत नियमित असलेले उच्चारबदलच अशा प्रकारे नव्या काव्यभाषेत दोष ठरले. दिल्लीच्या सुशिक्षित वर्गाचा उच्चार व अरबी-फारसीतील मूळ रूप हे प्रमाण मानले गेले आणि दखनी साहित्याच्या मुख्य प्रवाहातून मागे पडत गेली.

विसाव्या शतकात हिंदी चित्रपटांनी दखनीचा उच्चार देशभर पोहोचवला, पण मुख्यतः विनोदासाठी. ‘गुमनाम’ (इ.स. १९६५) या चित्रपटातील अभिनेते महमूद यांची भूमिका त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. सुलेमान खतीब यांच्यासारख्या कवींनी दखनीत हास्य-व्यंग्यपर काव्य लिहिले. त्यात विनोदाबरोबरच सामान्य कुटुंबांच्या दुःखालाही स्थान मिळाले.

## अभ्यास

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या ‘भारतीय भाषा सर्वेक्षणा’च्या नवव्या खंडात दखनीची स्वतंत्र नोंद आहे. हैदराबादचे सय्यद मोहिउद्दीन कादरी ‘जोर’ यांनी युरोपात ध्वनिशास्त्राचे शिक्षण घेऊन हिंदुस्थानीच्या ध्वनींवरील इंग्रजी ग्रंथ इ.स. १९३०मध्ये पॅरिस येथून प्रसिद्ध केला. त्यात दखनी उच्चारांचा विशेष विचार आहे. दखनीला अशुद्ध उर्दू न मानता तिच्या ध्वनींचे शास्त्रीय वर्णन करणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

औरंगाबाद शहराचा या अभ्यासाशी जवळचा संबंध आहे. ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखले जाणारे मौलवी अब्दुल हक यांच्या कार्यकाळात ‘अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचे कार्यालय अनेक वर्षे येथे होते. इ.स. १९२१मध्ये त्यांनी येथून ‘उर्दू’ हे त्रैमासिक सुरू केले. दखनीच्या विस्मृतीत गेलेल्या हस्तलिखितांचा त्यांनी शोध घेतला. ‘सबरस’ची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती इ.स. १९३२मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या उच्चारांचा विचार करण्यासाठी लागणारी मूळ सामग्री अशा आवृत्त्यांमुळे उपलब्ध झाली.

मराठीतही श्रीधर रंगनाथ कुलकर्णी व देवीसिंग चौहान यांनी दखनी साहित्य आणि त्याचा मराठीशी असलेला संबंध यांवर लेखन केले. शाह तुराब यांच्या ‘मनसमझावन’ या दखनी काव्यावरील समर्थ रामदासांच्या ‘मनाच्या श्लोकां’चा प्रभाव हे या संबंधाचे ठळक उदाहरण मानले जाते.

## सद्यस्थिती

भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत उर्दूचा समावेश आहे. दखनीचा स्वतंत्र उल्लेख नाही. शाळेतील पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे व औपचारिक भाषणे यांत प्रमाण उर्दू वापरली जाते, तर घर, बाजार आणि मित्रमंडळी यांत दखनी चालते. त्यामुळे अनेक भाषक प्रसंगानुसार उच्चार बदलतात: औपचारिक प्रसंगी ‘नहीं’ व ‘बहुत’, घरी ‘नईं’ व ‘भोत’. ‘क़’चा ‘ख़’ हा उच्चार मात्र सुशिक्षितांच्या औपचारिक बोलण्यातही पुष्कळदा कायम राहतो.

एकाच भाषकाकडे दोन उच्चारव्यवस्था असणे ही मराठीतही परिचित स्थिती आहे. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणारा विद्यार्थी शाळेत प्रमाण मराठी वापरतो, म्हणून त्याची घरची बोली नियमशून्य ठरत नाही. दखनीच्या बाबतीत ‘हात’, ‘हत्ती’, ‘थंडा’ ही रूपे चुकीचे उच्चार म्हणून नोंदवायची, की सुमारे सात शतकांच्या दख्खनी वास्तव्यात घडलेल्या ध्वनिव्यवस्थेचा भाग म्हणून, यावर त्या भाषेच्या शिक्षणाची व अभ्यासाची दिशा अवलंबून राहते.